अपडेट होऊ द्या, पण आपल्या सोयीनं

विंडोजच्या अपडेटचा राग येतो तो ते येतं म्हणून नव्हे, ऐन वेळी येतं म्हणून. दुकानात गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळलंय, मुलाची ऑनलाइन परीक्षा दहा मिनिटांवर आलीय, आणि पडद्यावर टक्केवारी फिरतेय. मग कुणीतरी जाणकार सांगतो, "अपडेट बंदच करून टाका हो, काही होत नाही." तसं करून दाखवणारे व्हिडिओ तर पायलीला पन्नास आहेत. माझं म्हणणं उलटं आहे. अपडेट बंद करू नका, त्याची वेळ आपल्या हातात घ्या, आणि ते यायच्या आधी दोनतीन कामं उरकून ठेवा. घरात किंवा दुकानात विंडोजचा संगणक आहे आणि तो सांभाळायचं काम नव्यानंच तुमच्या गळ्यात पडलंय, असं धरून पुढचं लिहितो आहे.

बंद का नको, याचं उदाहरण फार लांबचं नाही. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल बंद पडलं. संगणकच बसल्यावर कंटेनरचा हिशेब हातानं ठेवायची वेळ आली. विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा त्या व्हायरसनं वापर केला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं. मे महिन्यात 'वॉनाक्राय'नं त्याच भगदाडातून जगभर हाहाकार उडवला होता, तरी असंख्य यंत्रं तशीच उघडी राहिली. आता गंमत बघा, युक्रेनमधल्या कंपन्यांमध्ये नॉटपेट्या शिरला तो तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. शिवाय आत शिरल्यावर तो पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या यंत्रांवरही उड्या मारत होता. म्हणजे अपडेट टाळणंही धोक्याचं आणि डोळे मिटून सगळं घेणंही. म्हणूनच खालचा खटाटोप.

पहिली पायरी: आपल्याकडे नेमकं काय आहे

कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. विंडोज १० आहे की ११, आणि त्याची आवृत्ती कोणती, ते समोर येईल. १० असेल तर खालचा 'विंडोज १० वाल्यांसाठी' हा भाग आधी वाचा, कारण तुमची अडचण निराळी आहे.

हे एका वहीत लिहा. वही म्हणजे खरोखरची कागदाची वही, लॅपटॉपमधली फाइल नव्हे. लॅपटॉप उघडलाच नाही तर ती फाइल कशी वाचणार?

दुसरी पायरी: ४८ आकडी किल्ली

या पायरीवर जास्त वेळ घ्या, कारण बाकी सगळं दुरुस्त करता येतं, हे बहुतेक वेळा येत नाही.

हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमधली डिस्क कुलूपबंद असते. या कुलपाचं नाव बिटलॉकर. होम आवृत्तीत ते 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावानं दिसतं. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला तुमच्या फाइली वाचता येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे. पण लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे बायोसचं, अपडेटही कधीकधी विंडोजच्या अपडेटबरोबर येतं. त्यानंतर यंत्राला वाटतं की कुणीतरी आपल्याशी छेडछाड केली, आणि चालू करताच ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. तुमचा रोजचा पिन तिथं चालत नाही.

ही किल्ली साधारणपणे ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात ठेवलेली असते. आणि नेमका इथंच आपल्याकडे घोळ असतो. लॅपटॉप सुरू करून कुणी दिला? दुकानातल्या पोरानं, नाहीतर पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाच्यानं. त्यानं कोणता ईमेल टाकला ते त्यालाही आठवत नाही. किल्ली त्या ईमेलच्या खात्यात, खात्याचा पासवर्ड गेला, फोन नंबर जुना. अशा वेळी मायक्रोसॉफ्टही ती किल्ली नव्यानं बनवून देऊ शकत नाही. डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकणं एवढाच मार्ग उरतो, आणि लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब त्यातच जातात.

म्हणून आजच हे करा. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडा आणि कोणता ईमेल दिसतो ते बघा. तो तुमचा नसेल तर आधी तुमच्या खात्यानं लॉगिन करून घ्या. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट खातं उघडा, 'डिव्हाइसेस'मध्ये आपला लॅपटॉप निवडा आणि रिकव्हरी की दाखवा असं सांगा. किल्लीशेजारी तिचा ओळख क्रमांकही असतो. घरात दोन लॅपटॉप असले तर कोणती किल्ली कुणाची, ते त्यावरून कळतं. दोन्ही गोष्टी वहीत उतरवा आणि आकडे दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेऊन ताडून पाहा. खात्यात किल्ली दिसलीच नाही, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'बिटलॉकर' टाकून 'बॅक अप युवर रिकव्हरी की' हा पर्याय शोधा आणि तिची प्रिंट काढा.

तिसरी पायरी: फाइलींची दुसरी प्रत

अपडेटनं फाइली जात नाहीत, असं सगळे सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं तेव्हा काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइली पुसल्या गेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागलं. तेव्हा एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर त्यावर कॉपी करा. डाउनलोड्स विसरू नका. व्हॉट्सॲप वेबवरून घेतलेला सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका, बँकेचे स्टेटमेंट, सगळं तिथंच पडलेलं असतं.

दुकानाचे हिशेब टॅलीत असतील तर टॅलीच्याच बॅकअपच्या पर्यायातून प्रत काढा. नुसता आयकॉन कॉपी केला तर पेन ड्राइव्हमध्ये फक्त शॉर्टकट जातो, डेटा नाही. हे नवख्यांच्या बाबतीत फार वेळा होतं.

वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यावर, विसंबायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की फुकट जागा ५ जीबीच मिळते. ती भरली की नव्या फाइली वर चढणं थांबतं, आणि त्याची सूचना आपण नेहमीच्या सवयीनं बंद करून टाकतो.

चौथी पायरी: जागा

महिन्याच्या साध्या अपडेटला थोडी जागा पुरते. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटसाठी सी ड्राइव्हवर निदान २० ते २५ जीबी मोकळी असू द्या. अपडेट अर्ध्यात परत फिरलं आणि ७००७० नं संपणारा एरर कोड दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की जागा संपली. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेनं जा आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप' पुसा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' असंही एक खूण करायचं घर असतं. तिथं खूण करू नका, नाहीतर वरचा सातबारा गेलाच म्हणून समजा.

पाचवी पायरी: वेळ आपली

मायक्रोसॉफ्ट महिन्याचं मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. तुमच्या लॅपटॉपपर्यंत ते बुधवारी किंवा पुढच्या काही दिवसांत पोचतं. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेदरम्यानच पडतो. आणि दरमहा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरणाऱ्यांची शेवटची तारीख कोणती? ११. लेखापालांच्या कार्यालयात त्या आठवड्यात कीबोर्डवरून हात उचलायला सवड नसते, नेमका तेव्हाच संगणक रीस्टार्ट मागतो. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे, पण जमून आलंय खरं.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा. 'पॉज अपडेट्स' दिसेल. त्यातून एक ते पाच आठवडे अपडेट थांबवता येतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तीन आठवड्यांसाठी थांबवा, की जीएसटीआर-१ ची ११ आणि जीएसटीआर-३बी या दुसऱ्या रिटर्नची २० या दोन्ही तारखा निघून जातात. मग २० नंतरचा पहिला रविवार धरायचा, 'रिझ्यूम' दाबायचं आणि अपडेट करून घ्यायचं. ज्यांना रिटर्न भरायचं नाही, त्यांनी आठवडाभर थांबलं तरी पुरे. अपडेटमध्येच काही खोट असेल तर तेवढ्या वेळात ती बाहेर येते.

थांबण्याचा फायदा काय, ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं सोडलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. इंडिगोच्या प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते अपडेट विंडोजचं नव्हतं, आणि घरगुती संगणकांना त्याची झळही लागली नाही. पण एकाच वेळी सगळीकडे अपडेट ढकललं की काय होतं, हे त्यातून कळावं.

पाच आठवड्यांच्या पुढे मात्र ताणू नका. तशीही विंडोज ताणू देत नाही.

याच पानावर आणखी तीन गोष्टी करून ठेवा. 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' असं लांबलचक नाव असलेलं बटण बंद ठेवा. चालू ठेवलं तर महिनाअखेरीची चाचणीवजा अपडेटही सगळ्यांच्या आधी तुमच्याकडे येतात. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' शोधा आणि दुकान किंवा काम चालू असतं त्या वेळा स्वतः भरा. जास्तीत जास्त १८ तासांची मुभा आहे, सकाळी सात ते रात्री एक असंही चालतं. त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही. तिसरी गोष्ट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांसाठी. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक सकाळी अकरालाच संपला, तर तो बहुधा अपडेटनं खाल्लेला असतो. वायफायच्या यादीत आपल्या हॉटस्पॉटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग मोठी अपडेट त्यावरून आपोआप उतरत नाहीत. पण अपडेटच्या रविवारी शेजारच्यांचं किंवा ऑफिसचं ब्रॉडबँड गाठायला हवं.

सहावी पायरी: प्रत्यक्ष अपडेट

लॅपटॉप चार्जरला जोडलेला हवा. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर. तुमच्या गावात महावितरणची वीज ज्या वाराला दुरुस्तीसाठी जाते, तो वार अर्थातच टाळा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डिजिटल सहीचं टोकन, सगळं काढून ठेवा.

रीस्टार्ट झाल्यावर टक्केवारीकडे बघत बसू नका. ती सरळ चालीनं पुढे जात नाही. ३० टक्क्यांपर्यंत भराभर येऊन तिथंच अर्धा तास बसते, मध्येच यंत्र दोनतीनदा बंद-चालू होतं, हे सगळं ठीक आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर मोठ्या अपडेटला दोन-तीन तास सहज लागतात. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या टप्प्यावर पॉवरचं बटण दाबून धरल्यानं. दोन-तीन तास आकडा जागचा हललेला नाही, दिवाही स्तब्ध आहे, तरच बटणाला हात लावा.

एक गोष्ट इथंच सांगतो. बऱ्याच लॅपटॉपवर 'शट डाउन' केल्यानं विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुन्हा लवकर सुरू व्हावं म्हणून ते आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं. 'रीस्टार्ट' मात्र खरंच सगळं नव्यानं सुरू करतं. रोज रात्री बंद करूनही यंत्र आठवडाभर रेंगाळतंय असं वाटलं तर एकदा रीस्टार्ट करून बघा.

सातवी पायरी: झाल्यावर काय तपासायचं

प्रिंटरवर एक पान काढा. वेबकॅम आणि माइक बघा. डिजिटल सहीचं टोकन लावून लॉगिन होतं का ते पाहा. त्याचं सॉफ्टवेअर बहुधा जुनं असतं आणि अपडेटनंतर सगळ्यात आधी तेच रुसतं. ते नव्यानं टाकलं की बहुतेक वेळा काम होतं. हे रविवारीच कळलेलं बरं.

आता मराठीचं. कीबोर्ड नाहीसा झाला असेल तर विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबून भाषा बदलते का ते पाहा. नसेल तर 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडा. तिच्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो आणि २०१९ पासून 'मराठी फोनेटिक'ही मिळतो. रोमन अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांना दुसरा सोयीचा, रोज पानंच्या पानं टाइप करणाऱ्यानं मात्र इनस्क्रिप्ट शिकावा, असं माझं मत. नव्या किंवा फॉरमॅट केलेल्या यंत्रावर आणखी एक घोटाळा होतो. ग्रामपंचायतीनं किंवा शाळेनं पाठवलेली 'मंगल' फॉन्टमधली वर्ड फाइल उघडली की अक्षर वेगळं दिसतं, ओळी सरकतात, दोन पानांचा अर्ज तीन पानांचा होतो. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट मुळात टाकलेलेच नसतात, त्यांच्या जागी निर्मला असतो. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा. फाइल जाग्यावर येते. फॉन्टच्या संकेतस्थळांवरून अनोळखी फाइली उतरवायची गरज नाही.

काही बिघडलंच, तर लगेच "फॉरमॅट मारून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती यंत्र देऊ नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. विंडोज अपडेटच्या पानावर 'अपडेट हिस्ट्री' असते. तिच्यात शेवटी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. ज्या दिवशी बिघडलं त्या तारखेचं, केबी या अक्षरांनी सुरू होणारं अपडेट काढून टाका आणि मग आठवडाभर पॉज करा. वर्षाचं मोठं अपडेट मागे घ्यायचं असेल तर 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' आहे, पण त्याची मुदत दहाच दिवस.

यंत्र सुरूच होत नसेल तर? दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा उघडतं. तिथं 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. हे करताना कदाचित ती ४८ आकडी किल्ली मागेल. वही काढा.

विंडोज १० वाल्यांसाठी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र बंद पडत नाही, पण नवी भगदाडं बुजवणारी अपडेट आपोआप येत नाहीत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देऊ केली. तिची नोंदणी विंडोज अपडेटच्याच पानावर होते. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जची प्रत ठेवायची तयारी असेल तर ती फुकट आहे, नाहीतर ३० डॉलर.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की तुमचं यंत्र बसतं की नाही ते कळतं. कधीकधी चिप असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. ती चालू करण्याआधी दुसरी पायरी झालेली हवी. अट मोडून ११ टाकून देणारे बरेच आहेत, पण अशा यंत्रांना पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

जुन्या लॅपटॉपवर फक्त ब्राउझर, ईमेल आणि यूट्यूब चालत असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून बघा. पेन ड्राइव्हवरून ते डिस्कला हात न लावताही चालवून पाहता येतं, आणि ४ जीबी रॅममध्ये ते बरं चालतं. टॅली किंवा डिजिटल सही असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अपडेटच्या नावाखाली

वेबसाइट बघताना 'तुमचं ब्राउझर जुनं झालं, अपडेट करा' असं बटण दिसलं तर टॅब बंद करा. विंडोजचं अपडेट फक्त सेटिंग्जमधून येतं आणि ब्राउझरचं त्याच्याच मेनूतून. पडद्यावर मोठा आवाज करत 'या नंबरवर फोन करा' असा इशारा आला, तरी फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर देत नाही. आपणहून फोन करून एनीडेस्क, म्हणजे दुरून यंत्राचा ताबा देणारं ॲप, टाकायला सांगणाराही त्यांचा नसतो. त्यानं लॅपटॉपचा ताबा घेतलाच असेल तर आधी वायफाय तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघून चालत नाही.